साँलिसची सेराफीन : एका मोलकरणीची चित्रसाधना

ज्युबिलीच्या वर्षीं देवळांतील संगमरवरी पाट्या घासून पुसून स्वच्छ करण्यांत येतात. पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा कोणीं अर्पण केली, वेदी कोणाच्या देणगींतून उभी राहिली, हें सारें त्यांवर कोरलेलें असतें, आणि तें तसें असावें हेंच योग्य आहे. परंतु त्या पाट्या पुसणाऱ्या हातांचें नांव मात्र कोणत्याही पाटीवर आढळत नाहीं. ज्यांनीं वर्षानुवर्षें पहाटेच्या घंटेपूर्वीं देऊळ झाडलें, दिव्यांत तेल घातलें, वेदीचीं वस्त्रें धुतलीं व फुलें आणून ठेविलीं, त्यांची नोंद आमच्या दप्तरांत बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु ह्या तीन ओळींपलीकडे सहसा जात नाहीं.

ह्या स्मरणिकेसाठीं एखादा इतिहासपर लेख लिहावा असें ठरलें, तेव्हां आमच्या मनांत प्रथम जी व्यक्ति उभी राहिली, ती कोणी महाधर्माध्यक्ष नव्हे, मिशनरी नव्हे, कीं दानशूर शेटही नव्हे. ती फ्रान्स देशांतील एक मोलकरीण होती. तिचें नांव सेराफीन लुई. ती दिवसा लोकांच्या घरच्या फरशा धूत असे आणि रात्रीं चित्रें काढीत असे. आज तिचीं चित्रें मोठमोठ्या संग्रहालयांत लावलेलीं आहेत, परंतु तिचा देह मात्र अनाथांच्या सामाईक खड्ड्यांत पुरला गेला. हें असें कां झालें, ह्याचा विचार ज्युबिलीच्या आनंदांतही आपण करावा असें आम्हांस वाटतें.

सेराफीनचा जन्म ३ सप्टेंबर १८६४ रोजीं पॅरिसच्या उत्तरेस वाझ जिल्ह्यांतील आर्सी नांवाच्या खेड्यांत झाला. घर कष्टकऱ्याचें होतें. ती एक वर्षाची होते न होते तोंच तिची आई वारली. ती सात वर्षांची होण्यापूर्वीं बापही गेला, आणि तिच्या संगोपनाचा भार थोरल्या बहिणीवर पडला. लहानपणीं तिनें मेंढरें राखलीं. पुढें १८८१ च्या सुमारास क्लेरमाँ ह्या गांवीं प्रॉव्हिडन्सच्या धर्मभगिनींच्या मठांत ती कामास राहिली. तेथें तिच्या आयुष्याचीं सुमारें वीस वर्षें गेलीं. ती मठांत राहत होती, परंतु व्रतस्थ भगिनी नव्हती. ती मठाची चाकर होती, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. मेंढरें राखणें, भांडीं घासणें, फरशी पुसणें ह्या पलीकडे कोणतीही विद्या तिला कोणीं शिकविली नाहीं. चित्रशाळेचा उंबरठा तिनें जन्मांत ओलांडला नाहीं.

१९०१ च्या सुमारास मठ सोडून ती जवळच्या साँलिस ह्या शहरीं आली. साँलिस हें फ्रान्सच्या जुन्या राजांच्या काळचें शहर आहे. तेथील मुख्य देऊळ पवित्र मरियेस अर्पण केलेलें असून त्याच्या बांधकामास बाराव्या शतकांत आरंभ झाला. त्याच्या पश्चिमद्वारावर पवित्र मरियेस स्वर्गांत मुकुट घातल्याचें शिल्प आहे, व त्या सभोंवारच्या कमानींत येशूच्या वंशाचा वृक्ष कोरलेला आहे. दगडांत कोरलेला हा वृक्ष, खिडक्यांतील रंगीत कांचांतून आंत येणारा प्रकाश, सणावारीं फुलांनीं भरलेली वेदी, एवढीच काय ती सेराफीनची चित्रशाळा असावी असें आम्हांस वाटतें. ज्याला गुरु नाहीं त्याचे डोळे अशिक्षितच राहतात, असा नियम नाहीं. आपलें देऊळ हें गरिबांचें पुस्तक आहे असें आपले पूर्वज म्हणत. ह्या गरीब बाईनें तें पुस्तक पुरतें वाचलें होतें.

साँलिस येथें ती एका भाड्याच्या खोलींत राहूं लागली व मध्यम स्थितींतील कुटुंबांचीं धुणें, झाडणें, स्वयंपाकाचीं कामें करून पोट भरूं लागली. ह्या कामांस ती “काळीं कामें” म्हणे. तीं तिनें टाळलीं नाहींत, अर्धवट सोडलीं नाहींत. परंतु दिवसभराचीं हीं काळीं कामें आटोपून ती खोलीवर परते, तेव्हां तिचें दुसरें काम सुरू होई.

चित्रें काढण्यास तिनें आरंभ केला तो चाळिशीच्या सुमारास. रक्षक देवदूतानें आपणांस तशी आज्ञा केली, असें ती सांगत असे. खोलींत पवित्र मरियेच्या तसबिरीपुढें एक लहानसा दिवा तेवत असे. रात्रीच्या त्या मंद उजेडांत, स्तोत्रें गात, ती चित्र रंगवीत बसे. कोणी पाहावें म्हणून नव्हे, विकलें जावें म्हणूनही नव्हे. बऱ्याच काळपर्यंत तिचा हा उद्योग शहरांत कोणाच्या गणतींत नव्हता.

तिच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. पहिल्या पहिल्यानें तिनें लहान लाकडी फळ्यांवर फळें व फुलें काढलीं. चित्रकारांच्या दुकानांतील महागडे रंग तिच्या आवांक्याबाहेर होते. त्यामुळें दारेंखिडक्या रंगविण्यास वापरतात तो रिपोलिन नांवाचा चकचकीत तयार रंग ती घेई व त्यांत आपल्या जवळचीं द्रव्यें मिसळून स्वतःचे रंग बनवी. हें मिश्रण ती एकटीच करी. त्याची कृति तिनें कोणास सांगितली नाहीं. त्या रंगाला जी खोली व जें तेज आलें आहे, तें पाहून जाणते लोक अजून थक्क होतात. देवळांतील दिव्याचें तेल, ओढ्याकांठची माती, खाटकाकडचें रक्त हीं ती रंगांत घालीत असे, अशी कथा प्रसिद्ध आहे, व २००८ सालीं तिच्यावर निघालेल्या चित्रपटांतही तसें दाखविलें आहे. परंतु जिनें आपलें गुपित आपल्याबरोबर नेलें, तिच्यावर आपल्या कल्पनेचीं द्रव्यें लादण्याचें आपणांस कारण नाहीं. ती आपले रंग आपल्या हातीं घडवी व तें घडविणें हाही तिच्या प्रार्थनेचाच भाग होता, एवढें म्हटलें म्हणजे पुरे.

तिच्या चित्रांत माणसें नाहींत. आहेत तीं फुलें, पानें, फळें आणि झाडें. परंतु हीं फुलें कोणत्याही बागेंत सांपडावयाचीं नाहींत. एकाच देंठावर निरनिराळ्या जातींचीं पानें फुटतात. कांहीं पानें पक्ष्याच्या पिसासारखीं, कांहीं शिंपल्यासारखीं, तर कांहीं पांपण्या असलेल्या डोळ्यांसारखीं दिसतात, आणि पाहणाऱ्याला क्षणभर असें वाटतें कीं आपण झाडाकडे पाहत नसून झाडच आपणांकडे पाहत आहे. सारा पट खालपासून वरपर्यंत पानाफुलांनीं भरून गेलेला असतो. हात थांबला आहे असें कोठें दिसत नाहीं, आणि तरीही गोंधळ नाहीं. प्रत्येक पान आपल्या जागीं आहे. जपमाळेंत एकच प्रार्थना पुनःपुन्हा म्हटली तरी ती शिळी होत नाहीं, तसेंच कांहीं तिच्या पानांचें आहे. चित्राच्या कोपऱ्यांत ती आपलें नांव सुरीच्या टोंकानें कोरीत असे. मोलकरणीच्या नांवाची पाटी कोणी लावीत नाहीं. ती तिनें आपली आपणच कोरली.

१९१२ सालीं एक योगायोग घडून आला. विल्हेल्म ऊडे नांवाचा एक जर्मन गृहस्थ विश्रांतीसाठीं साँलिस येथें राहावयास आला होता. चित्रांचा तो मोठा जाणकार होता. पिकासोचीं चित्रें अगदीं आरंभीं विकत घेणाऱ्यांपैकीं तो एक, आणि आंरी रूसो ह्या जकातखात्यांतील नोकरीवाल्या स्वयंशिक्षित चित्रकारावर पहिलें पुस्तक लिहिणाराही तोच. शेजाऱ्यांच्या घरीं त्यास सफरचंदांचें एक लहानसें चित्र दिसलें. चित्रकार कोण, म्हणून त्यानें विचारिलें, तेव्हां उत्तर मिळालें तें असें कीं, जी बाई तुमच्या खोल्या झाडते तिनेंच हें काढलें आहे. पॅरिसच्या चित्रशाळा धुंडाळणाऱ्या ह्या माणसाच्या घरांत ती रोज सकाळीं बादली घेऊन येत होती, आणि त्यास तिची ओळख नव्हती! आपणांपैकीं कितीकांच्या घरीं असेंच घडत असेल, हें देवच जाणे.

ऊडेनें तिचीं चित्रें घेतलीं, तिला उत्तेजन दिलें. परंतु दोनच वर्षांनीं, १९१४ सालीं, महायुद्ध पेटलें. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून ऊडेस फ्रान्स सोडावा लागला. त्याचा चित्रसंग्रह सरकारनें जप्त केला व पुढें १९२१ मध्यें तो लिलावांत विकला गेला. खुद्द साँलिस शहरांत सप्टेंबर १९१४ मध्यें जर्मन सैन्य शिरलें, घरें जाळलीं गेलीं, नगराध्यक्षास गोळी घालण्यांत आली. जो एकटा मनुष्य सेराफीनच्या कलेची किंमत जाणत होता तो दूर गेला. तथापि तिनें कुंचला ठेविला नाहीं. तेरा वर्षें ती फरशा धूत राहिली व चित्रें काढीत राहिली. आमच्या मतें तिच्या आयुष्यांतील हाच काळ सर्वांत मोलाचा आहे. ज्याला बाहेरून बोलावणें येतें तो ग्राहक गेला म्हणजे थांबतो. ज्याला आंतून बोलावणें आलेलें असतें, त्याला थांबतां येत नाहीं.

ऊडे १९२४ मध्यें फ्रान्सला परतला व साँलिसपासून जवळच शांतिई येथें राहूं लागला. १९२७ सालीं साँलिसच्या नगरभवनांत स्थानिक चित्रकारांचें एक प्रदर्शन भरलें. तेथें त्याला पुन्हा सेराफीनचीं चित्रें दिसलीं, आणि तीं पूर्वींपेक्षां कितीतरी पुढें गेलेलीं होतीं. तिचें वय तेव्हां त्रेसष्ट वर्षांचें होतें. आतां ऊडेनें तिला द्रव्य, रंग व मोठमोठे कापडी पट पुरविण्यास आरंभ केला. बोटभर फळ्यांवर काढणारी ही बाई आतां दोन मीटर उंचीच्या पटांवर काढूं लागली. तिचा प्रसिद्ध “स्वर्गीय वृक्ष” ह्याच काळांतील. १९२८ सालीं ऊडेनें पॅरिस येथें पांच स्वयंशिक्षित चित्रकारांचें प्रदर्शन भरविलें व त्यांना “पवित्र हृदयाचे चित्रकार” असें नांव दिलें. सेराफीन त्या पांचांपैकीं एक होती. पवित्र हृदयाची भक्ति आपल्या घरोघरीं आहे. त्या नांवाखालीं एका मोलकरणीचीं चित्रें राजधानींत लागलीं, हें वाचून कोणास आनंद होणार नाहीं?

येथपर्यंतची कथा सुखाची आहे, आणि तिचा शेवट येथेंच करावा असा मोह होतो. परंतु इतिहास लिहिणाऱ्यास तो अधिकार नाहीं.

आयुष्यभर जिच्या हातीं पैसा खेळला नाहीं, तिच्या हातीं तो एकाएकीं आला. ती भारी वस्तु खरेदी करूं लागली. कधीं न नेसलेला लग्नाचा पोषाखही तिनें आणविला. तोंच जगभर मंदीची लाट पसरली, आणि १९३० मध्यें ऊडेस तिचीं चित्रें घेणें थांबवावें लागलें. पैशाचा ओघ बंद कां झाला, हें तिला उमगेना. तिच्या मनाचा तोल जाऊं लागला. जगाचा अंत आला आहे असें ती शेजाऱ्यापाजाऱ्यांस सांगत फिरे. १९३२ सालीं तिला क्लेरमाँ येथील वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें. ज्या गांवीं तारुण्यांत वीस वर्षें ती मठांत राबली, त्याच गांवीं वार्धक्यांत ती रोगी म्हणून परतली. तेथें तिनें पुन्हा कधीं चित्र काढलें नाहीं.

येथें एका प्रश्नाचा विचार केला पाहिजे, कारण तो सुशिक्षित वाचकांच्या मनांत आलाच असेल. तिला ऐकूं आलेला देवदूताचा शब्द खरा, कीं तोही आजाराचाच आरंभ? खाजगी साक्षात्काराच्या बाबतींत पवित्र सभा फार सावधपणें पावलें टाकते, आणि एका परदेशस्थ बाईच्या अंतःकरणाचा निवाडा करण्यास आम्ही बसलों नाहीं. तथापि एक गोष्ट कालक्रमावरून उघड दिसते. ती जोंवर धडधाकट होती, वेळेवर कामास जात होती, स्वतःचें भाडें स्वतः भरीत होती, तोंवर सुमारें पाव शतक तिची कला वाढत गेली. आजारानें तिचा पूर्ण ताबा घेतला, त्या दिवशीं कला थांबली. मग वेडांतून कला जन्मास येते, हें जें आजकाल मोठ्या कौतुकानें सांगितलें जातें, तें येथें तरी लागू पडत नाहीं. जें वाढलें तें श्रद्धेच्या, श्रमाच्या व शिस्तीच्या मातींत वाढलें. आजारानें त्यांत कांहीं घातलें नाहीं. होतें तेंच नेलें.

शेवट तर याहूनही दुःखद आहे. ऊडेनें तिच्या मृत्यूचें साल १९३४ असें लिहून ठेविलें, आणि लोकांनीं तें खरें मानलें. परंतु ती जिवंत होती. १९३८ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत तिचीं चित्रें टांगलीं गेलीं, तेव्हां ती इस्पितळाच्या भिंतींआड बसलेली होती. पुढें दुसरें महायुद्ध आलें. जर्मनांच्या ताब्यांतील फ्रान्समध्यें वेड्यांच्या इस्पितळांतील सुमारें ४५,००० रोगी उपासमारीनें व तज्जन्य आजारांनीं मृत्युमुखीं पडले, असें इतिहासकारांनीं दाखवून दिलें आहे. त्याच काळांत, ११ डिसेंबर १९४२ रोजीं, व्हिलेर-सू-एर्कुएरी येथील त्या इस्पितळाच्या शाखेंत सेराफीन मरण पावली. जवळ आप्त नव्हता, मित्र नव्हता. सामाईक खड्ड्यांत तिला मूठमाती मिळाली. तीन वर्षांनीं, १९४५ मध्यें, पॅरिसला केवळ तिच्याच चित्रांचें प्रदर्शन भरलें. आज तिचीं चित्रें साँलिस, पॅरिस, नीस व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत आहेत. तिच्यावरील चित्रपटास २००९ सालीं फ्रान्सचे “सेझार” नांवाचे सात पुरस्कार मिळाले. जिला शेवटच्या वर्षांत भेटावयास कोणी नव्हतें, तिला पाहण्यासाठीं आतां लोक तिकीट काढून रांग लावतात.

वाचकहो, ह्यांत उणें कशाचें होतें? तिला देणगी होती. ती कोणत्याही शाळेनें दिली नव्हती, म्हणून कोणतीही शाळा ती काढून घेऊं शकत नव्हती. तिला श्रद्धा होती. तिला कामाची लाज नव्हती. तिला एक कदरदान धनीही मिळाला, आणि त्यास दोष देण्याची आमची इच्छा नाहीं. त्यानें नसतें पाहिलें तर आज तिचें नांवही उरलें नसतें. परंतु कदरदान हा चित्राकडे पाहतो, आणि मंदी आली म्हणजे त्याचे हात बांधले जातात. चित्र काढणाऱ्या माणसाकडे पाहण्याचें काम शेजाऱ्याचें आहे. उणें होतें तें शेजाऱ्याचें. तिच्या दारावर रोज एक थाप पडली असती, जेवलीस काय असें कोणीं विचारिलें असतें, इस्पितळांत महिन्यांतून एकदां कोणी फळें घेऊन गेलें असतें, तर कदाचित् तिचा आजार टळला नसता. परंतु ती मेली असें आठ वर्षें आधींच कोणास लिहितां आलें नसतें.

जुन्या करारांत निर्गमाच्या पुस्तकांत बसालेल नांवाच्या कारागिराची कथा आहे. परमेश्वरानें त्याला आपल्या आत्म्यानें भरून सोन्यारुप्याचें, लांकडाचें व नक्षीचें कौशल्य दिलें, असें तेथें सांगितलें आहे. परंतु बसालेल एकटा नव्हता. साऱ्या इस्राएल लोकांनीं आपल्या जवळचें सोनें, सूत व कातडीं आणून त्याच्यापुढें ठेविलीं. इतकीं, कीं पुरे झालें असें मोशेस सांगावें लागलें. देणगी एका माणसास मिळते, पण तिचा सांभाळ साऱ्या मंडळीनें करावयाचा असतो.

आपल्या धर्मग्रामाची ज्युबिली आपण साजरी करीत आहों. वेदीपुढें मोगऱ्याच्या माळा गुंफणारे हात आपल्यांत आहेत. नाताळचा गोठा शेणामातीनें सारवून त्यांत बेथलेहेम उभें करणारे हात आहेत. वह्यांच्या मागच्या पानांवर रेघोट्या ओढणारीं, आणि त्यासाठीं मार खाणारीं मुलें आहेत. ह्यांच्यापैकीं कोणाच्या ठायीं देवानें काय ठेविलें आहे, हें आपण विचारिलें आहे काय? आणि आपल्याच धर्मग्रामांतील जीं माणसें मनाच्या आजारामुळें इस्पितळांत किंवा घरच्या मागल्या खोलींत पडून आहेत, त्यांचीं नांवें आपण उच्चारतों काय? हा प्रश्न आम्ही तुम्हांसच विचारितों असें नाहीं; आम्ही धर्मगुरूंनीं तो प्रथम आपणांसच विचारावयास पाहिजे. रोग्यांस अखेरचा अभ्यंग देण्यास आम्ही मध्यरात्रीं उठून जातों, परंतु ज्याचें शरीर धड आहे व मन आजारी आहे, त्याच्या दारावरून आम्ही कितीदां तरी मुकाट्यानें पुढें गेलों आहों. हें कबूल केल्यावांचून ज्युबिलीचा आनंद पुरा होणार नाहीं.

यास्तव आमची एक विनंती आहे. ह्या वर्षीं आपल्यापैकीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या आठवणींतील एक नांव लिहून धर्मगुरूच्या घरीं आणून द्यावें. देऊळ झाडणारीचें, घंटा वाजविणाऱ्याचें, फुलें आणणारीचें, कोणाचेंही. मात्र तें कोणत्याही पाटीवर नसावें. सर्व संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशीं, मृतांच्या स्मरणदिनीं, तीं नांवें वेदीपुढें वाचलीं जातील. आणि ज्यांना भेटावयास कोणी जात नाहीं अशा एका तरी आजारी माणसाची भेट प्रत्येक कुटुंबानें घ्यावी.

सेराफीन हें नांव देवाच्या सिंहासनापुढें जळत राहणाऱ्या देवदूतांच्या नांवावरून आलें आहे. साँलिसच्या त्या लहानशा खोलींत मरियेच्या तसबिरीपुढें एक दिवा जळत होता, व त्याच्या उजेडांत एक थकलेली मोलकरीण स्वर्गांतील झाडाचीं पानें एकेक करून रंगवीत होती. प्रभु येशू ख्रिस्त तिला त्या झाडाच्या सावलींत चिरशांति देवो, आणि आपणांस शेजारचा दिवा ओळखण्याची दृष्टि देवो.